आईची सही

१ मेच्या दुपारी चारच्या सुमारास ग्रामपंचायतीचा शिपाई आमच्या गावाकडच्या घरी आला, तेव्हा आई ओसरीवर शेवग्याच्या शेंगा मोडत बसली होती आणि मी खांबाला टेकून वर्तमानपत्र वाचत होतो. माणदेशातले मे महिन्याचे ऊन. अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. शिपायाच्या काखेत लांबट, लाल कापडी पाठीचे रजिस्टर होते. त्याने तांब्याभर पाणी वरूनच घशात ओतले, तोंड पुसले आणि आईपुढे रजिस्टर उघडून ठेवत म्हणाला, "काकू, सभेची सही तेवढी करा." आईने हात पदराला पुसले, चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला, पेन हातात घेतले आणि लगेच सही न करता ती पानाकडे पाहत राहिली. वर तारीख होती, ग्रामसभेचा मथळा होता, खाली अनुक्रमांक आणि नावे होती. "ह्यात ठरलं काय, ते कुठं लिवलंय?" तिने विचारले. शिपाई हसून म्हणाला, "ते दुसऱ्या वहीत असतंय, काकू." आईने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणालो, "हजेरीची सही आहे आई, कर तू." तिने केली. तिच्यानंतर मीही केली, कारण माझे नाव अजून गावच्याच मतदारयादीत आहे. शिपाई पुढच्या घरी गेला. ग्रामसभा सकाळी दहा वाजता झाली होती. त्या वेळी आई दळण आणायला गेली होती आणि मी झोपलो होतो.

एवढेच घडले. कोणी कोणावर जबरदस्ती केली नाही, कोणी खोटे बोलले नाही. तो शिपाई भला माणूस आहे. त्याला मिळणाऱ्या तुटपुंज्या पगारात तो पाण्याच्या टाकीपासून दिवाबत्तीपर्यंत सगळे सांभाळतो. तरीही पुण्याला परतताना एसटीच्या खिडकीशी बसल्यावर, आणि त्यानंतर कितीतरी दिवस, मला आईचा तो थांबलेला हात दिसत राहिला. तिने एक प्रश्न विचारला होता आणि तो मी मोडून काढला होता.

आईच्या सहीला एक इतिहास आहे. तिच्या माहेरी मुलींना शाळेत घालायची रीत नव्हती, त्यामुळे लग्नानंतर वीस वर्षे ती अंगठाच उठवत असे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता अभियानाचे रात्रीचे वर्ग गावोगाव निघाले, तेव्हा आमच्या आळीत देवळाच्या पडवीत एक वर्ग भरू लागला. शिकवायला गावातलीच दहावी झालेली एक मुलगी होती. तिला त्याचा पगार नव्हता. दिवसभर शेतात राबून आलेल्या बायका भाकऱ्या थापून, पोरांना जेवू घालून रात्री नऊला कंदिलाभोवती बसत. रॉकेलचा वास, पाटीवर खडू घासल्याचा आवाज आणि मध्येच कोणाचे तरी तान्हे रडू लागले की सगळ्यांनी मिळून त्याला गप्प करणे, हे मला अजून आठवते, कारण मी आईबरोबर जाऊन तिथेच झोपून जात असे. आईला आपल्या नावातले जोडाक्षर काही केल्या येईना. त्या मुलीने सलग तीन रात्री तिचा हात धरून ते गिरवून घेतले. पुढे सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर आईने पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली, तेव्हा सचिवाने शाईचा पॅड पुढे सरकवला होता आणि आईने तो मागे सारला होता. ही गोष्ट ती आजही सांगते. म्हणजे माझ्या आईची सही हे एका स्वयंसेविकेचे देणे आहे. ती शिकवताना त्या मुलीने एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती, असे आई सांगते: वाचल्याशिवाय सही करायची नाही.

आणि मी तिला सांगितले, कर तू.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते. गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर हवीत. ती नसली की सभा तहकूब करावी लागते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नसते. वर्षातून किमान चार वेळा भरणाऱ्या या सभेला ७३व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेतच जागा दिली. १९९३ पासून ती अमलात आहे. गावाचा विकास आराखडा, लाभार्थ्यांची निवड, खर्चाचा हिशेब, हे सारे या सभेपुढे यायला हवे. महिलांची वेगळी सभा त्याआधी भरायला हवी. कागदावर यापेक्षा मोठा अधिकार सामान्य माणसाला कुठेच नाही. आमदार, खासदार निवडून दिल्यावर पाच वर्षे आपल्या हाती काही उरत नाही, पण गावच्या सभेत कोणीही म्हातारी उठून "ह्या बिलाची पावती दाखवा" असे म्हणू शकते. आमच्या गावात असे म्हणणारी म्हातारी मी पाहिलेली नाही. मी स्वतः तरी कितीदा गेलो? मतदार झाल्यापासून दोनदा, आणि त्यातल्या एकदा दाखला हवा होता म्हणून.

हे लिहिताना मला याच गावाचे दुसरे रूप आठवते आणि दोन्ही रूपे एकाच गावाची कशी, हे कोडे उलगडत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे गावांनी श्रमदानाने पाणी अडवण्याच्या चढाओढीत, आमच्या गावाने भाग घेतला होता. पहिल्या वर्षी, २०१६ ला, तीनच तालुके होते. २०१८ पर्यंत ही संख्या पंचाहत्तरवर गेली होती. ८ एप्रिल ते २२ मे हे ते पंचेचाळीस दिवस. मी आठ दिवसांची रजा काढून गेलो होतो आणि सोळा दिवस राहिलो. पहाटे साडेचारला भोंगा वाजायचा. टिकाव, फावडी, घमेली खांद्यावर टाकून माणसे अंधारातच माळावर चढायची, कारण नऊनंतर तिथे उभे राहणे अशक्य होई. प्रशिक्षण घेऊन आलेली चारपाच मुले होती. त्यांनी ए-फ्रेमने, म्हणजे उतार मोजायच्या इंग्रजी A आकाराच्या चौकटीने, समपातळीच्या रेघा आखायच्या, फक्की टाकून त्या पांढऱ्या करायच्या आणि त्या रेघेवर सगळ्यांनी सलग समतल चर खोदायचे. मुरमावर टिकाव आपटला की ठिणगी उडे आणि हाताला झिणझिण्या येत. तिसऱ्या दिवशी माझ्या तळहाताचे फोड फुटले, तेव्हा शेजारी खोदणाऱ्या एका आजीने आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली आणि "शेरातलं हात हायती, जरा दमानं" म्हणाली. सात वाजता घमेल्यातूनच चहा यायचा, म्हणजे घमेल्यात पेले आणि किटली. शेवटच्या आठवड्यात चांदण्यातही काम चाले. माती अंगावर इतकी बसे की पहाटेच्या पहिल्या उजेडात कोण कुठल्या आळीचा, कोणत्या पार्टीचा, हे ओळखता येत नसे. ज्या दोन भावांचे बांधावरून कोर्टात चालले होते, ते एकाच चरात पाठीला पाठ लावून खोदत होते. बोलत नव्हते, पण खोदत होते.

पैसाही असाच आला. आमच्या भागातली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरली आहेत. केरळ, तमिळनाडूपासून बंगालपर्यंत कुठल्याही गावच्या सराफकट्ट्यावर एखादा माणदेशी आवाज ऐकू येतो. या गलाईवाल्यांनी पोकलेनच्या डिझेलसाठी वर्गणी पाठवली. त्यांच्यातले काही जण यात्रेलासुद्धा यायचे टाळत होते, ते सुट्टी काढून खोदायला आले. त्या वर्षी राज्यातला पहिला क्रमांक आमच्याच माण तालुक्यातल्या टाकेवाडीला मिळाला. आमच्या गावाला काही मिळाले नाही आणि त्याचे दुःखही फार झाले नाही. जूनच्या पहिल्या वळवात रात्री अकरा वाजता निम्मे गाव बॅटऱ्या घेऊन माळावर धावले. चर भरून पाणी एकाकडून दुसऱ्याकडे न वाहता जागच्या जागी थांबले होते, आणि विजेच्या उजेडात डोंगराच्या अंगावर त्या एकाखाली एक चकाकणाऱ्या रेघा दिसत होत्या. कोणी घोषणा दिली नाही. चिखलाचा आणि ओल्या मुरमाचा वास होता आणि माणसे नुसती उभी होती. त्या पंचेचाळीस दिवसांत घनमीटरचा हिशेब रोज लिहिला जात होता, पण हजेरीचे रजिस्टर घेऊन कोणी कोणाच्या दारात गेले नव्हते.

श्रमदान हा शब्द आमच्याकडे नवा नाही. १९५२ साली गांधी जयंतीला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तो सरकारी कागदांत आला, पण त्याआधी गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरत, दिवसभर झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत, तेव्हा तो कृतीत होताच. सातारा जिल्ह्यात तर सार्वजनिक कामाची मोठी परंपरा आहे. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली; पुढे वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते. आमच्या गावची जुनी शाळा माझ्या आजोबांच्या पिढीने बांधली. ओढ्यातले दगड बैलगाडीने, आणि बैल दमले की डोक्यावरून आणले. त्या भिंतीवर कोणाचेही नाव नाही. लहानपणी मी आजोबांना विचारले होते की तुम्ही वाहिलेला दगड कोणता. त्यांनी सगळ्या भिंतीवरून हात फिरवला होता.

त्याच शाळेसमोर आता एसटीसाठी पिकअप शेड आहे. तिच्या कपाळावर ज्यांच्या निधीतून ती झाली त्यांचे नाव, त्यांच्या शिफारशीने झाली त्यांचे नाव, आणि ज्यांच्या प्रयत्नांतून झाली त्यांचेही नाव आहे. गावाचे नाव सगळ्यांत खाली, लहान अक्षरांत आहे, आणि परक्या माणसाला गाडीच्या खिडकीतून ते वाचता येत नाही. मला त्या पाटीचा राग येत नाही, वाईट वाटते. कारण निधी हा शब्द आमच्या बोलण्यात इतका खोल रुजला आहे की पुढारी म्हणजे निधी आणणारा, याखेरीज दुसरी व्याख्याच उरलेली नाही. "त्यानं काय आणलं?" हा एकच प्रश्न माणसे विचारतात. काय विचार केला, कोणाला जोडले, कोणाचे ऐकून घेतले, हे कोणी विचारत नाही. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, ग्रामपंचायतीच्या खात्यावर थेट पैसा येतो आणि तो कसा खर्चायचा याचा आराखडा गावानेच करायचा असतो. तरीही आमची नजर वरच लागलेली असते. स्वतःच्या खात्यातला पैसासुद्धा कोणीतरी वरून आणून दिला, असे वाटावे लागते, तरच त्याची किंमत वाटते.

२०१८ च्या श्रमदानात जो तरुण सर्वांत पुढे होता, त्याला गावात सगळे मास्तर म्हणत. तो शिक्षक नव्हता. ए-फ्रेम कशी धरायची हे त्याने शेदीडशे जणांना शिकवले होते, म्हणून ते नाव पडले. बोलायला थोडा अडखळायचा, पण उतार डोळ्यांनी ओळखायचा. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत तो आपल्या वॉर्डातून उभा राहिला. पॅनेल नव्हते, जेवणावळी नव्हत्या. तो थोडक्यात पडला. मी मतदानाला गेलो होतो, आणि नंतर पारावर बसलेल्या माणसांना विचारले की असे कसे झाले. एक जुने जाणते तात्या म्हणाले, "पोरगं सोन्यासारखं हाय. कामाला त्याच्यासारखं दुसरं न्हाई. पर वर वळख न्हाई रं त्याची." हे म्हणताना त्यांच्या आवाजात तुच्छता नव्हती. खरी हळहळ होती. तात्या स्वतः पंचेचाळीसपैकी चाळीस दिवस माळावर आले होते, मास्तरांच्या शब्दावर उठत होते, बसत होते. पण माळावरचा नेता वेगळा आणि ग्रामपंचायतीतला नेता वेगळा, ही विभागणी त्यांच्या मनात पक्की होती. काम करणारा आणि काम आणणारा. पहिल्यावर आम्ही प्रेम करतो आणि दुसऱ्याला मत देतो. मास्तर आता चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे.

याच्याही पुढची पायरी त्याच निवडणुकीच्या वेळी महाराष्ट्राने पाहिली. नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी, या दोन गावांत पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे उघड झाले आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. अशा बोलीचा पैसा बहुधा देवळासाठी असतो, त्यामुळे बोली लावणाऱ्याला आपण दान करतो आहोत असेच वाटते आणि गावालाही ते वाटते. मला या बातमीने अस्वस्थ केले, कारण तिच्यात आमच्या चांगुलपणाचीच सावली होती. वर्गणी, देणगी, बिनविरोध निवड, गावची एकी, हे सगळे शब्द आमचे अभिमानाचे. पण बिनविरोध म्हणजे विरोध असणाऱ्याचे ऐकून घेतले, त्याची समजूत पटली आणि मग एकमत झाले, असे क्वचितच असते. बहुतेक वेळा विरोध करणाऱ्याला बोलूच दिलेले नसते.

शहरात हे सारे आणखी सहज घडते. पुण्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहरात एकही नगरसेवक नव्हता. मुंबईतही तेच झाले. आमच्या सोसायटीत याची चर्चा मी एकदाही ऐकली नाही. नाला तुंबला तेव्हा आमच्याच काही तरुण मुलामुलींनी रविवारी हातमोजे घालून प्लास्टिक उपसले. गणपतीनंतर नदीकाठ स्वच्छ केला. मनापासून केला, मीही गेलो होतो, आणि घरी येताना एक समाधान होते. पण त्या समाधानात एक गोष्ट आम्ही विसरलो: नाल्यात प्लास्टिक येते कुठून आणि ते अडवण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारायला सभागृहच जागेवर नव्हते, आणि त्याची उणीव आम्हाला जाणवली नव्हती. हातांनी काम करण्यात एक थकवा असतो जो गोड लागतो. खुर्चीवर बसून तीन तास अंदाजपत्रक ऐकण्याच्या थकव्यात काहीच गोड नसते. तिथे फोटो निघत नाही, घाम येत नाही, आणि शेवटी उभे राहून प्रश्न विचारला तर चार माणसांशी वाकडेही येते. मला वाटते, आम्ही अंगमेहनत द्यायला तयार असतो, कारण ती दिली की आपण मोकळे होतो. लक्ष द्यायला तयार नसतो, कारण लक्ष दिले की आपण अडकतो.

अडकून राहिलेली गावे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची पंचसूत्री, म्हणजे गावाने स्वतःला घालून घेतलेले पाच नियम, सगळ्यांना पाठ असते, पण मला तिथली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: ते गाव दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती झाला, जमिनीत किती मुरला, माणसांना, जनावरांना किती लागेल, आणि उरले त्यात कोणती पिके घेता येतील, हे सभेत ठरते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हापासूनची ती वाटचाल आहे. त्या गावाविषयी मला आदर आहे आणि एक काळजीही आहे, जी अशा प्रत्येक गावाविषयी वाटते. गावाचे नाव घेताना एकाच माणसाचे नाव ओठांवर येते. ते नाव नसेल तेव्हा सभा तशीच भरेल का? गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) या बाबतीत मला जास्त विचारात पाडते. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे, आणि २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारे ते गाव आहे. पण घोषणेपेक्षाही तिथला अभ्यासगट मला मोठा वाटतो. ठराव करण्याआधी माणसे विषय समजून घ्यायला बसतात. बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेतात. एकाचेही मन वळले नसेल तर थांबतात. देवाजी तोफांसारखी माणसे तिथेही आहेत, त्यांचे श्रेय मोठे आहे, पण त्या पद्धतीत पुढाऱ्याचे काम सगळ्यांच्या वतीने बोलण्याचे नसून सगळ्यांना बोलते करण्याचे आहे. ही रीत संथ आहे, फार संथ. माझ्यासारख्या घाईच्या माणसाला ती झेपली असती का, याची मला खात्री नाही.

श्रावणात गावी गेलो तेव्हा मास्तरही सुट्टीवर आला होता. आम्ही दोघे माळावर गेलो. चरांमध्ये गवत गुडघाभर वाढले होते आणि निम्म्याहून अधिक चर गाळाने बुजले होते. काही ठिकाणी तर इथे कधी खोदले होते हे पायाला लागणाऱ्या उंचवट्यावरूनच कळत होते. दगडी बांध चांगले टिकले होते. बांधाच्या वरच्या अंगाला करंजाची झाडे डोक्याच्या वर गेली होती आणि त्यांत तितर ओरडत होते. मास्तर एका चराच्या काठावर बसला, मूठभर गाळ उचलून बोटांत चुरला आणि म्हणाला, "दोन-तीन वर्षांनी एकदा उपसायचं एवढंच होतं. एका दिवसाचं काम होतं सगळ्या गावाला." मी विचारले, मग कोणी का नाही केले? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "स्पर्धा नव्हती ना, दादा." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मला त्याला निवडणुकीबद्दल विचारायचे होते, पण विचारले नाही. खाली ओढ्यातला मातीचा बांध दिसत होता. त्याची माती वाहणाऱ्यांत मी होतो, आई होती, तात्या होते.

२ ऑक्टोबरला मी मुद्दाम रजा काढून ग्रामसभेला गेलो. आईला बरोबर घेतले. ती नेसायची तशी चांगली साडी नेसली, लग्नाला निघाल्यासारखी, आणि वाटेत दोघीतिघींना "चला की गं" म्हणत होती. त्या हसून घरात गेल्या. सभागृहात पंख्याखाली तेवीस माणसे होती, त्यांत बायका चार. सरपंचबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि मधल्या खुर्चीवर त्यांचे यजमान. मी उठून, माझा आवाज मलाच परका वाटत असताना, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवावे अशी विनंती केली. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, कोणतीही खळखळ न करता दुसरी वही उघडली आणि वाचले. त्यात एक ठराव होता: ओढ्यातल्या मातीच्या बांधातील गाळ काढण्याचे काम एजन्सीमार्फत करून घेण्यास सर्वानुमते मंजुरी. सूचक होते, अनुमोदक होते, आणि सर्वांत मी व माझी आई होतो. या ठरावात काही वावगे असेलच असे मी म्हणत नाही. दर योग्य असेल, काम गरजेचे होतेच. भाऊसाहेबांना मी विचारले, त्यांनी अंदाजपत्रक दाखवतो म्हणून सांगितले. पण १ मे रोजी हा ठराव मांडला गेला तेव्हा सभेत कोणी उठून म्हणू शकले असते की हा बांध आपण हाताने घातला आहे, गाळही आपण हाताने काढू, गाळ शेतात टाकू आणि पैसा शाळेच्या गळक्या छपराला लावू. मास्तर असता तर कदाचित म्हणाला असता. तो चाकणला रात्रपाळीवर होता, मी अंथरुणात होतो, आणि आमच्या संमतीच्या सह्या दुपारी घरबसल्या गोळा झाल्या होत्या.

आई माझ्या शेजारी बसून सगळे ऐकत होती. ठराव वाचून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "म्हंजी त्या दिवशी हे हुतं." नंतर घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. गणपूर्ती नसल्याने ती सभा तहकूब झाली आणि पुढची तारीख दुसऱ्या आठवड्यातली निघाली. मला तोवर थांबणे शक्य नव्हते. मी पुण्याला परतलो.

तहकूब सभेच्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला. आधी पावसाचे सांगितले, मग शेळी व्यायल्याचे. मग म्हणाली, "सभेला गेलते मी. शेजारच्या आत्याला घिऊन गेलते. धा-बारा माणसं हुती. दुपारी शिपाई आलता वही घिऊन, ज्यांच्या ऱ्हायल्या त्यांच्या सह्या घ्यायला." मी विचारले, तुझी झाली होती ना? "माझी तितंच झाली, वाचून. त्यो तुझी मागत हुता. म्हनला, काकू, दादांच्या नावापुढं तुमीच करा. म्या म्हनलं, त्यो आला न्हाई, मग कशी करू?" मग ती थोडी थांबली आणि जराशा काळजीने म्हणाली, "रागावला न्हाई बरं त्यो. च्या पिऊन गेला."